निर्वात पंपाची कुळकथा

आपल्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी कुळांचे, घराण्यांचे व मूळ गावांचे वृत्तांत प्रसिद्ध होत असतात आणि ज्ञातिबांधव ते आवडीने वाचतात. यंदा आम्ही एका यंत्राची कुळकथा सांगावयाचे योजिले आहे. ते यंत्र म्हणजे निर्वात पंप, अर्थात भांड्यातील हवा काढून घेऊन आत पोकळी निर्माण करणारा पंप. त्याचा आमच्या हातखंब्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांस पडेल. संबंध आहे, व तो आमच्या विहिरीतून आला असल्यामुळे प्रथम विहिरीचीच हकीकत सांगणे भाग आहे.

मुंबई-गोवा महामार्गास जेथे रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता मिळतो, तो हातखंबा तिठा कोकणात ये-जा करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. रत्नागिरीच्या या पट्ट्यात वर्षास तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु खालचा जांभा सच्छिद्र, त्यामुळे आषाढात तुडुंब भरलेली विहीर वैशाखात तळ दाखवू लागते. आमच्या घरच्या विहिरीवर काठालाच विजेचा पंप बसविलेला होता. पौष-माघापर्यंत तो बिनतक्रार चाले. चैत्र सरता सरता मात्र तो नुसताच घुमू लागे. पाण्याची धार बारीक होत होत बंद पडे आणि पंप हात लावू न देण्याइतका तापे. ज्या दुकानातून पंप आणला होता तेथे विचारणा केली असता, “मोटार कमी पडते, ओढ वाढवा,” असा सल्ला मिळाला. त्याबरहुकूम एक अश्वशक्तीची मोटार उतरवून तीन अश्वशक्तीचा नवा पंप बसविला. त्या सालच्या आंब्याचे निम्मे पैसे त्यात गेले. पाणी वीतभरही अधिक चढले नाही. मग नळीच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह, ज्यास गावात सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, तोही बदलला; सांध्यांना नव्याने सुतळी व सफेदा लावला. सारे व्यर्थ.

आमचे थोरले चुलते मुंबईस रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात घालवून गावी परतले होते. त्यांनी दोरीस दगड बांधून विहिरीत सोडला, ओली-कोरी दोरी मोजली आणि म्हणाले, “अरे, पंपाचा काही दोष नाही. पाणी नऊ मीटर खाली गेलंय. मोटार मोठी करून काय होणार? पंप खाली ने.” दुसऱ्या दिवशी विहिरीच्या आतील कट्ट्यावर जुनाच एक अश्वशक्तीचा पंप उतरवून बसविला, आणि पाणी आले.

त्या वेळी आम्हांस चुलत्यांचे केवळ कौतुक वाटले. पुढे वाचनात आले की, हेच उत्तर इटलीतील एका पंप दुरुस्त करणाऱ्या कारागिराने जवळजवळ चारशे वर्षांपूर्वी दिले होते. गॅलिलिओच्या १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो प्रसंग आहे. पंप पाणी उचलीनासा झाला म्हणून तो बिघडला असे समजून कारागिरास बोलावले, तेव्हा त्याने सांगितले की, दोष पंपात नसून पाण्याची पातळी फार खाली गेली आहे. अठरा हातांहून अधिक उंच कोणताही असा पंप पाणी चढवू शकत नाही. कारागिरास मर्यादा अचूक ठाऊक होती, कारण मात्र ठाऊक नव्हते. गॅलिलिओने कारण देण्याचा यत्न केला तो चुकला. लांब दोर स्वतःच्याच वजनाने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटतो, असे त्याने मानिले. एवढा थोर पुरुष, पण पंप पाणी ‘ओढतो’ हा समज त्याच्याही मनातून सुटला नव्हता. आमच्या दुकानदारास दोष तो किती द्यावा!

तो समज गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेली याने दूर केला. १६४३ साली त्याच्या सूचनेवरून पाऱ्याने भरलेली काचेची नळी पाऱ्याच्याच भांड्यात उपडी उभी करण्यात आली. नळीतील पारा खाली उतरून सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबला व वर पोकळी राहिली. पाऱ्यास कोणी ओढीत नव्हते. बाहेरील हवेचा भार त्यास खालून वर ढकलीत होता. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. तेव्हा तीच हवा पाण्यास सुमारे १०.३ मीटर उंच ढकलू शकते, त्यापुढे तसूभरही नाही. १६४८ साली पास्कालच्या मेहुण्याने फ्रान्समधील एका डोंगरावर ही नळी चढवून नेली, तेव्हा पारा सुमारे ८ सेंटिमीटर उतरला, कारण वर हवेचा थर तेवढाच पातळ. याच न्यायाने पुण्याच्या उंचीवर ही मर्यादा पावणेदहा मीटरच्या आत येते.

तात्पर्य, पंप ओढीत नाही. तो पुढे जागा करून देतो. त्या जागेत शिरावयाचे काम पाण्याने अगर हवेने स्वतःच करावयाचे असते. किर्लोस्करवाडीस १९२६ साली जो पहिला सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला, त्यातही हेच घडते. आतील पंखा पाण्यास कडेला फेकतो, मध्यभागी दाब उतरतो, आणि विहिरीवरील हवा पाणी वर लोटते. नळीतील घर्षण, पाण्याचा वेग व पाण्याची स्वतःची वाफ यांचा हिशेब वजा जाता प्रत्यक्षात सहा-सात मीटर हीच खरी मर्यादा उरते. मोटार कितीही अश्वशक्तीची असो, हवेचा भार वाढत नाही. पाण्यातच बुडवून ठेवावयाचा पंप खालून वर ढकलतो म्हणून त्यास हे बंधन नाही, आणि बोअरवेलची सोय त्यामुळेच शक्य झाली.

आता पाणी बाजूस ठेवून हवेकडे वळू. ज्यांच्या घरात ऐरण व भाता होता त्यांस हे यंत्र समजावयास अवघड नाही. भाता उघडला म्हणजे कातड्याची झडप आत उघडते व हवा शिरते. दाबला म्हणजे झडप मिटते व हवा नळ्याने आगटीत जाते. झडपा उलट्या बसविल्या आणि नळा बंद भांड्यास जोडला तर हाच भाता त्या भांड्यातील हवा काढू लागेल. कल्पना एवढी साधी आहे. साडेतीनशेहून अधिक वर्षे यंत्रज्ञांना जे झगडावे लागले ते कल्पनेसाठी नव्हे, तर गळतीशी.

जर्मनीतील माग्देबुर्ग नगराचा प्रमुख ऑटो फॉन गेरिके याने १६५० च्या सुमारास पहिला यत्न केला. बिअरचे लाकडी पिंप पाण्याने भरावे, सांधे पक्के करावे, आणि पितळी पंपाने पाणी काढून घ्यावे म्हणजे मागे पोकळी राहील, असा त्याचा हिशेब. माणसांनी जीव तोडून दट्ट्या ओढला. पाणी निघाले, पण पिंपातून उकळल्यासारखा आवाज येऊ लागला. लाकडाच्या छिद्रांतून हवा आत घुसत होती. एका पिंपात दुसरे पिंप ठेवून पाहिले. तेही साधले नाही. मग त्याने तांब्याचा पोकळ गोल करविला. हवा बरीचशी निघाली असेल-नसेल तोच मोठा आवाज होऊन तो गोल हातातल्या फडक्यासारखा चुरगळला. गेरिकेने याचे कारण नमूद केले ते आपणांपैकी ज्यांनी हातोडी धरली आहे त्यांनी लक्षात घेण्याजोगे आहे. कारागिराने गोल पुरता वर्तुळाकार ठोकला नव्हता. जेथे चपटेपणा होता तेथून हवेच्या भाराने तो आत घातला. पुढचा गोल बिनचूक ठोकण्यात आला आणि तो टिकला. झडपांतून हवा शिरू नये म्हणून त्याने त्या पाण्यात बुडवून ठेविल्या. १६५७ साली त्याने सुमारे अर्धा मीटर व्यासाचे दोन अर्धगोल जोडून आतील हवा काढिली व दोन्ही अंगांस आठ-आठ घोडे जुंपून ते ओढविले. गोलावर दोन टनांच्या जवळपास भार होता. वस्तुतः एका अंगास भिंतीत साखळी बांधून आठच घोडे जुंपले असते तरी ताण तेवढाच राहिला असता. पण मग प्रयोगास शोभा कोठून येणार?

इंग्लंडात रॉबर्ट बॉईलसाठी रॉबर्ट हूक याने १६५९ साली जो पंप सिद्ध केला त्यास काचेचे मोठे भांडे व दातेरी पट्टीने चालणारा दट्ट्या होता, त्यामुळे एका माणसास तो चालविता येई. अठराव्या शतकाच्या आरंभी हॉक्सबी याने दोन सिलिंडर जोडीने बसविले. एका दट्ट्यावरील हवेचा भार दुसऱ्यावरील भारास तोलून धरी व चालविणाऱ्यास केवळ घर्षणाशी झुंजावे लागे.

परंतु एक दोष कोणास जाईना. दट्ट्या सिलिंडरच्या टोकास कितीही भिडविला तरी मध्ये थोडी जागा उरतेच. तीत अडकलेली हवा बाहेर जात नाही. दट्ट्या मागे सरताच ती पसरते आणि भांड्यातील हवेची जागा अडविते. ही उरलेली जागा सिलिंडरच्या शंभराव्या हिश्शाएवढी असेल तर भांड्यातील हवा शंभराव्या हिश्शाखाली उतरणे शक्य नाही, मग पंप दिवसभर चालवा की महिनाभर.

मोठ्या यंत्रांतही पंपाचे यश सिलिंडरच्या घडणीवरच अवलंबून राहिले. जेम्स वॉटने १७६९ साली वाफेच्या इंजिनास निराळा शीतक जोडून त्यातील हवा व पाणी काढण्यास पंप लाविला, तरी सिलिंडर वाकडेतिकडे असल्याने वाफ बाजूने निसटे. विल्किन्सन याने १७७४ साली तोफा कोरण्याची नवी पद्धत काढली आणि तिच्या आधारे सिलिंडरही अचूक कोरून दिले, तेव्हाच ते इंजिन कामास आले. पन्नास इंच व्यासात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकाही फरक नव्हता असे त्या काळी अभिमानाने सांगितले गेले. आमच्या आजोबांच्या पिढीने ज्या वाफेच्या बोटींनी मुंबई गाठली, त्यांच्या इंजिनघरातही शीतकाची हवा काढणारा असा पंप चालत असे. वर डेकवर वळकटी टाकून निजलेल्यांस त्याची वार्ता नव्हती. वाफ थंड करून पोकळी मिळविण्याची युक्ती तर आपल्या रत्नागिरीच्या आंब्याच्या डब्यांतही आहे. गरम रस भरून डबा बंद केला व थंड होऊ दिला म्हणजे झाकण किंचित आत बसते. तेथे पंपही लागत नाही.

चुलत्यांचे आयुष्य ज्या व्हॅक्यूम ब्रेकवर गेले त्याचाही उल्लेख येथे केला पाहिजे. भारतीय रेल्वेत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपर्यंत बहुतेक गाड्या याच ब्रेकवर चालत. गाडीभर जाणाऱ्या नळीतील हवा इंजिन काढून घेई, सुमारे ५० सेंटिमीटर पाऱ्याइतकी पोकळी राखी, आणि त्या पोकळीमुळेच ब्रेक सुटलेले राहत. वाफेच्या इंजिनावर हे काम वाफेचा झोत करी. डिझेल व विजेच्या इंजिनांवर फिरता पंप आला, त्यास ‘एक्झॉस्टर’ म्हणत. गाडी मध्येच तुटली तर नळीत हवा शिरे व ब्रेक आपोआप लागत. अर्थात एखाद्या डब्याचा रबरी होस जरी चिरलेला असला तरी सारी गाडी खोळंबून राही. “आम्ही जन्मभर हवा कुठून शिरते तेच शोधलं,” असे चुलते म्हणत. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला तोवर या ब्रेकचे युग मावळत आले होते व दाबाच्या हवेचे ब्रेक रूढ होऊ लागले होते.

उरलेल्या जागेचा तो जुना दोष घालविला एका काच फुंकणाऱ्याने. बॉन येथील हाइनरिश गाइस्लर याने १८५५ च्या सुमारास धातूचा दट्ट्या टाकून देऊन पाऱ्याचाच दट्ट्या केला. पातळ पारा कानाकोपरा भरून काढतो. मागे केसभरही जागा उरत नाही. १८६५ साली स्प्रेंगेल याने आणखी पुढे जाऊन अरुंद नळीतून पाऱ्याचे थेंब पाडले व दोन थेंबांच्या मध्ये हवेचे बुडबुडे अडकवून ते खाली नेले. हे काम मुंगीच्या गतीने चाले, तासन्‌तास लागत; पण एडिसनने १८७९ साली या दोन्ही रीती एकत्र करून दिव्याच्या गोळ्यातील हवा वातावरणाच्या सुमारे दहा लाखाव्या भागापर्यंत उतरविली, तेव्हाच आतील कोळशाची तार जळून न जाता उजेड देत राहिली. राँटगेनचे क्ष-किरण (१८९५) आणि थॉमसनने दाखविलेला इलेक्ट्रॉन (१८९७) हेही अशाच पंपांनी रिकाम्या केलेल्या नळ्यांतून जगापुढे आले. ग्रंथांतून शास्त्रज्ञांची नावे राहतात. गाइस्लर हा मूळचा कारागीर होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

विसाव्या शतकात या यंत्राचा सर्वांत मोठा सुधारक म्हणजे जर्मनीतील वोल्फगांग गेडे होय. त्याने १९०५ साली फिरता पाऱ्याचा पंप काढिला आणि लवकरच तेलाने सांधे बंद राखणारा फिरता पंप सिद्ध केला. या दुसऱ्या पंपात सिलिंडरमध्ये एक लाट केंद्र सोडून बसविलेली असते. तिच्या खाचांतील पट्ट्या भिंतीस घासत फिरतात, हवा कोंडून पुढे नेतात व झडपेतून बाहेर टाकतात. तेल वंगणाचे काम करते आणि फटीही बुजविते. प्रयोगशाळांत व कारखान्यांत हा पंप आजही चालू आहे.

या पंपाचा एक रोग कोकणवासीयांस चटकन उमगेल. आषाढातील दमट हवा त्यात शिरली की बाहेर टाकण्यापूर्वी ती दाबली जाते, आणि दाबली गेल्यामुळे तीतील बाष्पाचे पाणी होते. ते पाणी तेलात मिसळून तेल दुधासारखे पांढरे पडते. असे तेल ना फटी बुजविते ना वंगण करते. उलट त्यातील पाणी पुनः वाफ होऊन भांड्याकडे परतते. गेडेने १९३५ साली यावर जो उपाय काढला तो प्रथम ऐकता विपरीत वाटतो. ज्या पंपाने हवा काढावयाची त्यातच, दाबण्याच्या टप्प्यात, त्याने बाहेरची थोडी कोरडी हवा मुद्दाम आत सोडली. त्यामुळे बाष्पाचे पाणी होण्यापूर्वीच आतील दाब झडप उघडण्याइतका होतो आणि बाष्प वायुरूपातच बाहेर पडते. अंतिम पोकळी किंचित कमी मिळते, पण पंप वाचतो. आमच्या मते या साऱ्या कुळकथेत याहून शहाणपणाची सुधारणा दुसरी नाही. दट्ट्या, झडप व सांधा यांच्यात दोष शोधणारे पुष्कळ झाले. गेडेने दोष हवेच्या स्वभावात शोधला.

हवा फारच विरळ झाली म्हणजे सारा न्यायच बदलतो. वातावरणाच्या दाबास हवेचा कण मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकेही अंतर न जाता दुसऱ्यावर आदळतो. त्यामुळे कण एकमेकांस लोटीत पंपाकडे येतात. पाऱ्याच्या एक सहस्रांश मिलीमीटर दाबावर हेच अंतर पाच सेंटिमीटर होते. मग कोणी कोणास लोटीत नाही; एकेक कण भिंतीवर आपटत भटकतो, आणि तो आपल्या पायांनी पंपाच्या दारात येईल तोवर पंपाने वाट पाहावयाची. दारात आलेल्यास परत जाऊ द्यावयाचे नाही, एवढेच त्याचे काम. गेडेने १९१५ साली पाऱ्याच्या वाफेच्या साह्याने हे साधले, अमेरिकेत लँगम्यूर याने १९१६ साली त्यात सुधारणा केली, आणि १९२८ साली बर्च याने पाऱ्याऐवजी सहजी वाफ न होणारे तेल वापरले. गेडेने १९१३ सालीच वेगाने फिरणाऱ्या चक्राचाही पंप केला होता, परंतु त्यातील फट इतकी सूक्ष्म होती की धुळीचा कण शिरला तरी चक्र जखडून बसे. १९५७-५८ च्या सुमारास बेकर याने तिरक्या पात्यांच्या अनेक चकत्या एकामागून एक बसविल्या, तेव्हा फट सुमारे एक मिलीमीटर ठेवूनही काम होऊ लागले. मिनिटास हजारो फेरे घेणाऱ्या यंत्रात एक मिलीमीटर मोकळीक म्हणजे काय, हे लेथवर काम केलेल्यास निराळे सांगावयास नको.

आपल्या देशात या विद्येचे मोठे केंद्र मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र हे झाले. १९७० साली स्थापन झालेल्या भारतीय निर्वात संस्थेचे ठाणेही तेथेच आहे. आणि आता मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ या ज्योतिर्लिंगाच्या परिसरात, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या, आणि त्यांतील पोलादी नळ्यांत वातावरणाच्या लाख कोटीव्या भागाइतकीच हवा राहू द्यावयाची आहे. अमेरिकेतील अशाच वेधशाळेच्या नळ्या रिकाम्या करावयास चाळीस दिवस लागले. हवा त्या मानाने लवकर निघते. पोलादाच्या अंगास चिकटलेला पाण्याचा अदृश्य थर मात्र निघत नाही, म्हणून सबंध नळी तापवून तो सोडवावा लागतो. एवढ्या विरळ हवेत एका कणास दुसरा भेटावयास सरासरी पन्नास किलोमीटर जावे लागेल. हातखंब्याहून सरळ पूर्वेस निघालेला कण आंबा घाट ओलांडून पुढे जाईल, तोवर त्यास वाटेत कोणी आडवे येणार नाही.

आमच्या विहिरीतील पंप अजून त्याच कट्ट्यावर असतो. मात्र विहीर भरू लागली की तो बुडेल, म्हणून मृग लागण्यापूर्वी तो वर काढून काठावर बसवावा लागतो, आणि माघ सरला की पुन्हा खाली उतरवावा लागतो. तीन अश्वशक्तीचा तो नवा पंप पुढे एका शेजाऱ्याने निम्म्या किमतीस नेला. त्याची विहीर पाच मीटरच खोल आहे, तेव्हा त्याचे काम उत्तम चालले आहे.